इंजिन कामाला आलं

ट्रकवाल्यांच्या बोलण्यात एक गंमत आहे. इंजिन धूर ओकायला लागलं, ऑइल प्यायला लागलं, चढावर दम तोडायला लागलं की ते म्हणतात, "इंजिन कामाला आलं." म्हणजे कामातनं गेलं की ते कामाला येतं. मला हा शब्द खरा वाटतो. गाडी चालू असते तोवर मालकाला फार विचार करावा लागत नाही. इंजिन बसलं की मालकाच्या डोक्याला काम लागतं. आणि माझं म्हणणं असं, की थोडं मनालाही लागलं पाहिजे.

गेलेल्या इंजिनाच्या जागी काय बसवायचं, हा प्रश्न लोक पैशाचा समजतात. पैशाचा तो आहेच. पण त्याच्या पोटात न्यायाचा प्रश्न असतो, आणि तो कुणी उघडून बघत नाही.

माझे दोन मावसभाऊ. दोघांत मिळून एक जुना टाटा 1613 ट्रक. त्याचं इंजिन 697. या नंबरचा अर्थ मला मिस्त्रीनं सांगितला होता. 6 म्हणजे सहा सिलिंडर, आणि 97 म्हणजे सिलिंडरचं तोंड 97 मिलिमीटर. 407 गाडीला बसायचं ते 497, म्हणजे तेच माप, पण चार सिलिंडर. गाडी हंगामात ऊस ओढायची. हंगाम संपला की कुंभार्ली घाटानं कोकणात उतरायची आणि जांभ्याचा चिरा भरून वर यायची. जानेवारीत, ऐन हंगामात, उसानं भरलेली गाडी कारखान्याच्या वाटेवर जाम झाली. स्टार्टर मारला तरी फिरेना.

घरी बैठक बसली. नात्यातला वडील माणूस म्हणून मला बोलावणं आलं. पुढं तीन वाटा होत्या. पहिली, आपलंच इंजिन उतरवून खोलायचं, लायनर-पिस्टन नवे घालायचे, क्रँक घासून घ्यायचा. दुसरी, भंगार बाजारातनं कुठल्या तरी गाडीचं चालू इंजिन उचलायचं आणि दोन दिवसांत बसवायचं. तिसरी, कंपनीचं नवं इंजिन घ्यायचं. तिसरी वाट पहिल्या पाच मिनिटांतच मिटली. गाडीच्या किमतीला ते झेपणारं नव्हतं.

धाकट्याचं मत ठाम होतं. भंगारातलं आणा. आणि ड्रायव्हरच्या उचलीतनं काही रक्कम कापा, कारण ऑइलकडं त्यानंच बघायचं असतं. ड्रायव्हर दाराबाहेर चौकटीला टेकून उभा होता. तो एवढंच म्हणाला, "मालक, दिवाळीपासनं सांगतोय, काटा तापाकडं जातोय म्हणून."

इथं माझं पहिलं म्हणणं येतं. काय बसवायचं हे ठरवायच्या आधी, जुनं का गेलं ते बघावं. डिझेल इंजिनाला स्पार्कप्लग नसतो. हवा 15 ते 20 पट दाबायची, ती तापते, त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की पेट घेतं. म्हणजे त्याचं सगळं जगणंच उष्णतेवर. ती उष्णता वेळच्या वेळी बाहेर गेली नाही तर पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला धरतो. आता ती का गेली नाही, याची कारणं निराळी असतात. ऑइल संपलं असेल तर ड्रायव्हरची चूक. जादा माल ओढावा म्हणून पंपाचं डिझेल वाढवून घेतलं असेल तर ती मालकाची हाव. (त्या पंपाला आमच्याकडं अजून मायकोच म्हणतात, कंपनीचं नाव 2008 साली बॉश झालं तरी.) कारण न शोधता दुसरं इंजिन बसवणं म्हणजे विहिरीत साप असताना नुसती बादली बदलणं.

मिस्त्रीनं इंजिन खोललं. ऑइल भरपूर होतं. मागच्या दोन पिस्टनांनी सिलिंडर ओरबाडले होते. मग त्यानं रेडिएटर सोडवला. आतल्या नळ्या पांढऱ्या क्षारानं बुजलेल्या होत्या, आंघोळीच्या बंबाच्या तळाला थर बसतो तशा. आमच्या भागात बोअरचं पाणी जड. वर्षानुवर्षं तेच पाणी रेडिएटरमध्ये पडत आलेलं, घरातल्या सगळ्यांच्या हातानं. रेडिएटर साफ करून घ्या असं ड्रायव्हर सांगत होता, आणि हंगाम उरकल्यावर बघू असं उत्तर मिळत होतं.

उचलीतनं पैसे कापायची गोष्ट त्या दिवशी बंद झाली. पण विचार करा, इंजिन न खोलता भंगारातलं बसवलं असतं तर? जुनं इंजिन किलोवर गेलं असतं आणि त्याच्याबरोबर ड्रायव्हरच्या बाजूचा पुरावाही. त्या माणसाच्या कपाळी तो ठपका जन्मभर राहिला असता. आणि बुजलेल्या रेडिएटरमागं नवं आणलेलं इंजिनही पुढच्या हंगामात त्याच रोगानं गेलं असतं.

आता भंगारातल्या इंजिनाविषयी. थोरल्याला वाटत होतं, अपघातात गेलेल्या गाडीचं इंजिन, कुणाचा जीव गेला असेल, कशाला घरात आणा. मला हे पटत नाही. वस्तूला सुतक नसतं. आपण बाजारातनं बैल आणतो, तोही कुणाच्या तरी अडचणीतनंच आलेला असतो. चांगली वस्तू वाया न जाता दुसऱ्याच्या उपयोगी पडली तर उलट बरंच. खरा प्रश्न नंबरचा. इंजिनाच्या ब्लॉकवर नंबर ठोकलेला असतो आणि तोच आरसी बुकात लिहिलेला असतो. इंजिन बदललं तर आरटीओकडं त्याची नोंद करावी लागते. धाकट्याला जे इंजिन स्वस्तात मिळत होतं, त्याच्या नंबरच्या जागी कानस फिरलेली होती. कागद विचारला तर दुकानदार म्हणाला, "कागद पाहिजे तर भाव वेगळा."

त्या एका वाक्यात सगळं आलं. नंबर घासलेल्या इंजिनामागं बहुतेक कुणाची तरी चोरीला गेलेली गाडी असते. तोही आपल्यासारखाच, हप्ते फेडणारा. आपली स्वस्ताई त्याच्या नुकसानीतनं येते. तो आपल्याला दिसत नाही, एवढाच फरक.

पण धाकट्याची बाजू हलकी समजू नये. त्यानं एक प्रश्न टाकला त्याला माझ्याकडं लगेच उत्तर नव्हतं. "नाना, आपलं इंजिन करायला पंधरा दिवस जाणार. तोवर टोळीनं खायचं काय? गाडी न्हाई तर त्यांची तोड न्हाई." खरं होतं. ऊसतोड करणारी जोडपी लेकरांसकट फडावर उतरलेली. त्यांची मजुरी टनावर. गाडी उभी राहिली की त्यांचे कोयते थांबतात, आणि मुकादमाची उचल तर त्यांच्या डोक्यावर तशीच राहते. सावकाश, नीट, चांगलं काम करू असं म्हणणं सोपं असतं. पण त्या सावकाशीची किंमत कोण देतो हेही बघावं लागतं. माझ्या तत्त्वासाठी दुसऱ्याचं पोर उपाशी राहणार असेल तर ते तत्त्व फार कामाचं नाही.

मग तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय होतं? घाट होता. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं तर पिकाची एक पाळी चुकते. ट्रकचं तसं नाही. उतारावर गाडी खालच्या गिअरात घातली की तिला धरून ठेवतं ते इंजिन. ब्रेकला लागणारी हवा भरतो तो कॉम्प्रेसरही इंजिनावरच चालतो. कुंभार्लीच्या उतारावर इंजिनानं दगा दिला तर नुसती गाडी बंद पडत नाही, ती हातातनं सुटू शकते. त्या वेळी केबिनमध्ये मालक नसतो, ड्रायव्हर आणि क्लीनर असतात. कुठनं आलं, किती पळालं, आतनं कसं आहे हे ज्याचं कुणालाच ठाऊक नाही, असं इंजिन बसवून दुसऱ्याला घाटात पाठवायचा हक्क मालकाला आहे का? मला वाटतं, नाही.

तेव्हा दोन्हीकडं माणसंच होती, एका बाजूला टोळी आणि एका बाजूला ड्रायव्हर. वाट निघाली ती खर्चाची निघाली. पंधरा दिवस भावकीतला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट भाड्यानं लावला. टोळीची तोड चालू राहिली. त्या भाड्यात मालकाचा नफा गेला. इकडं मिस्त्रीनं ब्लॉकमधला क्षार साफ केला, लायनर-पिस्टन नवे घातले, क्रँक घासून त्याच्या मापाचे बेअरिंग टाकले आणि रेडिएटर नवा बसवला. ड्रायव्हर रोज गॅरेजात जाऊन बसायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढं काही वर्षांनी गाडी विकली. थोरल्यानं गिऱ्हाइकाला बिलं दाखवली आणि इंजिन एकदा जाम झालं होतं हेही सांगितलं. गिऱ्हाइकानं भाव पाडला. धाकटा अजून म्हणतो, गप बसला असता तर काय बिघडलं असतं? हा वाद त्यांच्यात मिटलेला नाही, आणि मिटेल असं मला वाटत नाही. कारण धाकट्याचा हिशेब चुकीचा नाही. तो फक्त घरापुरता आहे.

मी दहावी शिकलेला माणूस, मोठं तत्त्वज्ञान मला येत नाही. पण अशा वेळी एक कसोटी उपयोगी पडते. जो निर्णय घ्यायचा तो, ज्यांच्यावर त्याचा भार पडणार त्यांच्यासमोर मोठ्यानं सांगून बघावा. गाडी चालवणाऱ्यासमोर, फडावरच्या बाईसमोर, उद्या गाडी विकत घेणाऱ्यासमोर, आणि जमलं तर ज्याची गाडी चोरीला गेली त्या अनोळखी माणसासमोर. सांगताना जीभ अडखळली तर समजावं, ते इंजिन आपलं नव्हे, मग कितीही स्वस्त असो.