लाखेचा लेप आणि मनाचा रंग



बडोद्याहून सुमारे ५० किलोमीटरवर संखेडा हे गाव आहे. तेथील कातीव झोपाळे, पाळणे व चौरंग आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचे आहेत. तेथील खरादी परंपरेने सागाचे लाकूड चरकावर कातून गुळगुळीत करतात, त्यावर रंग चढवितात, मग कथिलाच्या लेपाने पांढरी वेलबुट्टी रेखून ती अकीकाने घोटतात. सर्वांच्या शेवटी लाख येते. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरली, की घर्षणाच्या उष्णतेनेच ती वितळते व पसरते. त्या पारदर्शक लेपाखाली पांढरे कथिल सोन्यासारखे झळकू लागते.

यातील बोध पाहावा. लाख रंगाला झाकीत नाही. ती त्याला राखते व उजळते. नुसता रंग रोजच्या हाताळणीने पुसला जातो. रंगावाचून लाख दिली, तर चकाकी येते, चित्र दिसत नाही. आणि रंग ओला असतानाच लेप दिला, तर ओल आत कोंडून लेप पांढुरका पडतो.

आपल्या घरांतून एक वाद नित्य ऐकू येतो. तरुण म्हणतात, मनी भाव असला म्हणजे पुरे. पूजा, व्रते, नियम कशाला? वडील म्हणतात, नियम मोडू नका. पण नियमामागील भाव सांगण्यास त्यांना सवड नसते. भाव हा रंग आहे, आचार ही लाख आहे. तरुणांनो, आचारावाचून तुमचा भाव संसाराच्या घर्षणात किती दिवस टिकेल? आणि वडीलधाऱ्यांनो, मुलांच्या मनात प्रथम रंग भरा, तो मुरेपर्यंत धीर धरा. घाईने लादलेला नियम अंगी लागत नाही.

महाभारतातील लाक्षागृह आठवावे. वारणावतात पुरोचनाने उभारलेले ते घर दिसावयास देखणे होते. युधिष्ठिराने तुपाच्या व लाखेच्या वासावरून त्यातील कपट ओळखले. ज्या लाखेच्या पाळण्यात माता बाळाला जोजविते, त्याच लाखेच्या घरात कुंतीला पुत्रांसह जाळावयाचे होते. दोष लाखेचा नव्हे, अंतरीच्या हेतूचा.

म्हणून देवापुढे हात जोडताना प्रत्येकाने स्वतःस विचारावे, माझ्या आचाराच्या लेपाखाली कोणता रंग आहे? लेप पारदर्शक आहे. आतले परमेश्वराला दिसते, आणि घरातील लेकरांनाही दिसते.

॥ शुभं भवतु ॥