खेचली जाणारी गाडी: अवयवीच्या वादातले एक उदाहरण

वस्तूचे भाग एकेक करून बदलत गेले तर अखेरीस उरते ती वस्तू पूर्वीचीच म्हणायची की दुसरी, हा प्रश्न भारतीय दर्शनांत अवयव आणि अवयवी यांच्या, म्हणजे भाग आणि भागांनी बनलेला अखंड पदार्थ यांच्या वादाशी जोडलेला आहे, आणि ग्रीक परंपरेत प्लूटार्कने तोच थीसियसच्या नौकेच्या निमित्ताने नोंदवला आहे. मात्र त्या नौकेची कुजकी फळी काढून तिच्या जागी तशीच दुसरी बसवली जात होती, म्हणजे मूळचा आकार राखणे हाच तिथे हेतू होता. जुनी चारचाकी विकत घेऊन, पैसे जमतील तसतशी तिला डोंगरवाटांसाठी घडवत नेणाऱ्याचा हेतू नेमका उलटा असतो. त्याने निवडलेला प्रत्येक नवा भाग जुन्याहून मुद्दाम वेगळा असतो. त्यामुळे हा प्रश्न नौकेपेक्षा अशा गाडीच्या बाबतीत अधिक अवघड होतो.

भारतात अशा घडणीसाठी वर्षानुवर्षे निवडली गेलेली गाडी म्हणजे मारुतीची जिप्सी. 1985 मध्ये ती बाजारात आली आणि 1996 मध्ये 1298 सीसी इंजिनाची ‘जिप्सी किंग’ निघाली. दोन लांब पोलादी तुळया आडव्या पट्ट्यांनी जोडून केलेली चासी, पुढे आणि मागे पाट्यांवर, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर, टेकलेले अखंड ॲक्सल, आणि हवी तेव्हा चारही चाकांकडे ताकद वळवणारा ट्रान्सफर केस, इतकी तिची रचना सरळ आहे. गाडीतला कोणता भाग कशाला धरून आहे हे खाली वाकून पाहणाऱ्याला दिसते, आणि तत्त्वचर्चेलाही ही सोय उपयोगी पडते.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला, म्हणजे इंडो-ग्रीक राजा मिनँडरला, विचारतो की तो ज्या रथातून आला त्या रथाचा दांडा म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय. आणि राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. निष्कर्ष असा निघतो की ‘रथ’ हे या भागांच्या आधाराने चालणारे केवळ व्यवहारातले नाव आहे. हे मत मानले तर बदललेल्या जिप्सीचा प्रश्न उठण्याआधीच मिटतो, कारण मुळात जी एक वस्तू नव्हतीच ती टिकली की गेली असे विचारण्यात अर्थ उरत नाही.

नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांना, हे मान्य नाही. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात अवयवीच्या सिद्धीसाठी जे हेतू येतात त्यांत धारण आणि आकर्षण हा एक आहे: वस्तू एका भागाला धरून उचलता येते, एका भागाला ओढली तर सगळी ओढली जाते, आणि हे अखंड पदार्थ असल्याशिवाय घडणार नाही. चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढताना या सूत्राची परीक्षाच होते. दोर चासीच्या तुळईला बोल्टने घट्ट बसवलेल्या हुकात अडकवला तर सगळी गाडी त्यामागून येते; तोच दोर पुढच्या बंपरला बांधला तर बंपर तेवढा हातात येतो आणि गाडी चिखलातच राहते. भाष्यकार वात्स्यायनाने मात्र या हेतूवर फार विसंबायला नकार दिला. त्याच्या मते धारण आणि आकर्षण हे संग्रहामुळे, म्हणजे भागांच्या घट्ट चिकटण्यामुळे घडते. लाखेने एकत्र चिकटवलेले गवत, लाकूड आणि दगडही एकत्र ओढले जातात, पण म्हणून त्यांचा एक नवा पदार्थ बनत नाही. भाष्यकाराने स्वतःच्याच सूत्रकाराच्या हेतूला अशी मर्यादा घालावी हे विरळ आहे, आणि हुक व बंपर यांतला फरकही बोल्ट आणि पत्रा यांच्या ताकदीचाच आहे, हे पाहता त्याचे म्हणणे योग्य ठरते.

तेव्हा अवयवीचा पुरावा ओढण्यात नसेल तर दुसरीकडे शोधावा लागतो, आणि इथे कमी पैशांत, सावकाश होणारी घडण उपयोगी पडते. जिप्सीचे मूळ 205/70 आर 15 मापाचे टायर काढून 235/75 आर 15 चे घातले तर चाकाचा व्यास सुमारे 65 मिलिमीटरने वाढतो, आणि गाडीचे पोट जमिनीपासून त्याच्या निम्म्याने, म्हणजे जेमतेम 33 मिलिमीटरने उचलले जाते. खर्च एवढ्यावर थांबत नाही. स्पीडोमीटर चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टच्या फेऱ्या मोजतो, चाकाचा घेर त्याला ठाऊक नसतो; म्हणून काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी 66 च्या आसपास धावत असते. चाक मोठे झाल्याने प्रत्येक गिअर जड पडतो, चढावर दम कमी पडतो, आणि त्याच ब्रेकला आता अधिक जोर लावावा लागतो. मोठे टायर मडगार्डला घासू नयेत म्हणून पाट्यांचे शॅकल, म्हणजे पाट्याचे एक टोक चासीला जोडणाऱ्या पट्ट्या, लांब केल्या जातात. शॅकल 50 मिलिमीटरने लांबवले तर पाट्याचे एकच टोक खाली जात असल्याने मध्यावरच्या ॲक्सलपाशी गाडी 25 मिलिमीटरच उचलली जाते, पण ॲक्सल थोडा फिरतो. त्यामुळे शाफ्टचा कोन बदलतो, यूजे क्रॉस, म्हणजे शाफ्टचा सांधा, आवाज करू लागतो व अखेर तुटतो, आणि पुढच्या ॲक्सलच्या बाबतीत स्टिअरिंग आपोआप सरळ येईनासे होते. ज्याच्याजवळ पैसा आहे तो संपूर्ण किट एका दिवसात बसवतो आणि हे सारे परिणाम एकमेकांत मिसळून जातात. ज्याला टायरनंतर शॅकलसाठी आणि शॅकलनंतर क्रॉससाठी दोन-दोन पगारांची वाट पाहावी लागते, त्याला एका भागाने दुसऱ्याकडे केलेली मागणी सुटी सुटी पाहायला मिळते.

नुसत्या नावामुळे क्रॉस तुटत नाही, असे नैयायिकाच्या बाजूने इथे म्हणता येईल. बौद्धाचे उत्तर तयार आहे: क्रॉस शाफ्टच्या कोनामुळे तुटतो, कोन शॅकलमुळे बदलतो, आणि भागांचे हे परस्परावलंबन, म्हणजे प्रतीत्यसमुत्पाद, पुरेसे असताना वेगळा अवयवी मानण्याचे कारण नाही. उत्तर बळकट आहे, पण त्यात एक उणीव राहते. कोन ‘बदलला’ हे भागांवरून सांगता येते. कोन ‘बिघडला’ हे मात्र, जिने पुढे जायचे आहे अशी एक गाडी गृहीत धरल्यावाचून सांगता येत नाही. गॅरेजच्या कोपऱ्यात टेकवून ठेवलेल्या शाफ्टला कोणताही कोन चालतो. बिघाड नेहमी अवयवीचा असतो, आणि त्यामुळे दुरुस्ती करणारा माणूस, त्याने कोणतेही दर्शन स्वीकारलेले असो, कामापुरता तरी नैयायिक असतो.

अवयवी मान्य केला की तो टिकतो का हे ठरवावे लागते, आणि वैशेषिकांचे उत्तर इथे कठोर आहे. पटातून, म्हणजे वस्त्रातून, एक तंतू निघाला तर जुना पट नष्ट होतो आणि उरलेल्या तंतूंपासून नवा ‘खंडपट’ निर्माण होतो, असे ते मानतात. या न्यायाने शॅकल बदललेली जिप्सी ही त्या क्षणी जन्मलेली दुसरी जिप्सी ठरते; ‘ही तीच’ ही ओळख, जिला प्रत्यभिज्ञा म्हणतात, दिव्याच्या ज्योतीच्या बाबतीत होते तशी सारखेपणावर उभी असते. शरीर वाढत्या वयात बदलले तरी माणूस तोच राहतो याचे श्रेय ते आत्म्याला देतात. गाडीला आत्मा नाही, तेव्हा तिच्या वाट्याला हा आधार येत नाही.

कायद्याने तिला एक आधार दिला आहे. चासीवर ठोकलेला क्रमांक नोंदणी पुस्तकातल्या क्रमांकाशी जुळला की गाडी तीच; इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची मान्यता लागते. मोटार वाहन अधिनियमाचे कलम 52 याच्याही पुढे जाते आणि उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून फारकत घेणाऱ्या बदलांना मज्जाव करते. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणेच लावला. पुढचे जाड लोखंडी गार्ड तर पादचाऱ्यांच्या सुरक्षेच्या कारणाने 2017 पासूनच निषिद्ध आहेत. हौशी घडणाऱ्याला ही बंधने जाचक वाटतात खरी, पण कायद्याची भूमिका तत्त्वतः सुसंगत आहे: तो अवयवी मानतो आणि त्याचे रूप उत्पादकाकडे गहाण ठेवतो.

धार्मिक आचारात याहून सखोल उत्तर सापडते. पुरीच्या जगन्नाथाचा नवकलेवर विधी अधिक आषाढ येणाऱ्या वर्षी होतो. अलीकडचा 2015 मध्ये, त्याआधीचा 1996 मध्ये झाला. कडुनिंबाच्या नव्या मूर्ती घडवल्या जातात, जुन्या मूर्तींतला ‘ब्रह्मपदार्थ’ डोळे बांधलेले आणि हातांना वस्त्र गुंडाळलेले सेवक नव्या मूर्तींत ठेवतात, आणि जुन्या मूर्तींना समाधी दिली जाते. लाकडाचा कणही जुना उरत नाही, तरी देव तोच. इथे सातत्य द्रव्याला किंवा क्रमांकाला चिकटलेले नाही. ज्याला कोणी पाहत नाही अशा एका गाभ्यावर आणि तो एका हातातून दुसऱ्या हाती सोपवणाऱ्या परंपरेवर ते उभे आहे. गाडीत असा गाभा शोधणे व्यर्थ आहे, पण सोपवण्याचा क्रम तिच्यातही असतो: टायरने शॅकलची आणि शॅकलने क्रॉसची गरज निर्माण केली, हा कारणांचा धागा प्रत्येक नव्या गाडीला आधीच्या गाडीशी बांधतो. वैशेषिक म्हणतात तसे अवयवी दर वेळी नवा होत असेलही. पण त्याचा नवेपणा कसा असावा हे जुन्याने ठरवलेले असते. रातोरात सर्वस्वी पालटलेल्या गाडीबद्दल हे म्हणता येत नाही, आणि कमी पैशांतली घडण तत्त्वतः उजवी ठरते ती याच कारणाने.

जैन आचार्य समंतभद्रांच्या ‘आप्तमीमांसे’त सोन्याचा घट मोडून मुकुट केल्याचा दाखला आहे: घट हवा असणारा दुःखी होतो, मुकुट हवा असणारा आनंदतो, सोने हवे असणारा मध्यस्थ राहतो, कारण नाश, उत्पत्ती आणि ध्रुवता एकाच घटनेत असतात. जिप्सीभोवती ही तिन्ही माणसे हमखास भेटतात. मूळ रूपातली गाडी जपणारा हळहळतो, डोंगरात जाणारा खूश असतो, भंगारवाला वजन विचारतो. फरक इतकाच की घट मोडल्यावर सोन्याखेरीज त्याचे काही उरत नाही, आणि गाडीचे काढलेले पाटे उरतात. पुढच्या भागाचा खर्च निघावा म्हणून ते बहुधा पहिल्याच माणसाला, जो आपली दुसरी जिप्सी मूळ रूपात आणू पाहतो आहे, विकले जातात. थीसियसच्या काढलेल्या फळ्या गोळा करून कोणी दुसरी नौका बांधली तर खरी नौका कोणती, असे सतराव्या शतकात हॉब्जने विचारले होते. पाट्यांवर चासी क्रमांक ठोकलेला नसतो, म्हणून ते कोणत्या जिप्सीचे हा वाद परिवहन कार्यालयापर्यंत कधी पोचत नाही.