नवव्या सिंफनीची लय कोणाची?

मावशीच्या मते यात वाद घालण्यासारखं काहीच नाही. पहिल्या आठ सिंफन्यांच्या लयीचे मेट्रोनोमचे आकडे बीथोव्हननं १८१७ मध्ये छापून दिले, नववीचे १८२६ मध्ये ठरवले. लिहिलंय तसं वाजवा.

"मग कंडक्टर फुर्टवेंगलरचं बायरॉइटचं १९५१ चं ध्वनिमुद्रण बाद?"

"बाद कशाला? सुंदरच आहे. पण तिसरा भाग एकोणीस मिनिटांवर जातो. रॉजर नॉरिंग्टननं १९८७ मध्ये आकडे पाळून तोच भाग अकराच्या आसपास संपवला. मधली आठ मिनिटं कोणाची?"

"आकडे देणाऱ्याला ऐकू येत नव्हतं, मावशी. लंबक डोळ्यांना दिसतो. सभागृहात नाद किती घुमतो, हे मनातल्या वाद्यवृंदाला कसं कळणार? मनात सगळं जलदच वाजतं."

"स्वरही त्यानं बहिरेपणातच लिहिले ना? ते पवित्र, आणि लय तेवढी संशयास्पद?"

याला माझ्याकडे आजही धड उत्तर नाही. स्वर बदलला तर रचना बदलते, लय बदलली तरी रचना तीच राहते, असं मी म्हणून पाहिलं.

"तीच राहते? त्या भागातली व्हायोलिनची नक्षी लिहिलेल्या लयीत गाते. लय जवळजवळ निम्मी केली की एकेक स्वर प्रार्थना होतो. तू त्या प्रार्थनेच्या प्रेमात आहेस. ती बीथोव्हनची आहे की फुर्टवेंगलरची, हे तुला तपासायचंच नाही."

मी विषय शेवटच्या भागाकडे नेला. तिथलं तुर्की धाटणीचं कूच नॉरिंग्टन आकड्याप्रमाणे घेतो आणि ते बहुतेकांपेक्षा संथ होतं. उलट ज्याला आपण संथ म्हणतो तो फुर्टवेंगलर अखेरचं प्रेस्टिसिमो असं पळवतो की वादकांची त्रेधा उडते.

"कूचाचा आकडा लिहून घेताना बीथोव्हनच्या पुतण्याची चूक झाली असेल," मावशी म्हणाली.

"मग कुठला आकडा काकाचा आणि कुठला पुतण्याचा, हे कोण ठरवणार? कंडक्टरच ना?"

"ठरवू दे की. पण कारण सांगून ठरवू दे. 'मला असं भावलं' हे कारण नव्हे."

एक मात्र तिनंही मान्य केलं. बायरॉइटची ती लय एका संध्याकाळच्या मैफलीची होती. फुर्टवेंगलर १९५४ मध्ये गेला, तबकडी १९५५ मध्ये बाजारात आली, आणि त्या संध्याकाळचा पुढे दंडक झाला. दोन्ही ऐका, पण नॉरिंग्टन आधी.