मैत्रीची पोपटपंची पुरे

एम.ए.ला आहात ना? मग रशियाच्या परराष्ट्र धोरणावर हे काय लिहून ठेवलंय? ‘रशिया हा भारताचा सच्चा मित्र आहे’, एकाच पानात तीनदा! सन एकही नाही. दुसऱ्याने तर पुतिनला वेडा ठरवून प्रश्नच निकालात काढला. याला राज्यशास्त्र म्हणत नाहीत. अशा गप्पा पानठेल्यावर मारा.

25 ऑक्टोबर 1962 ला, भारत-चीन युद्ध चालू असताना, सोव्हिएत पक्षाचं मुखपत्र ‘प्रावदा’ कोणाची बाजू घेत होतं? चीनची! क्युबाचा पेच ऐन भरात होता आणि मॉस्कोला तेव्हा चीन दुखवायचा नव्हता. 1968 मध्ये हेच पाकिस्तानला शस्त्रं द्यायला निघाले. पुढच्याच वर्षी उसुरी नदीवर चिनी आणि सोव्हिएत सैनिकांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या, मग अमेरिका चीनच्या जवळ सरकू लागली, आणि 9 ऑगस्ट 1971 ला आपल्याशी मैत्री करार झाला. डिसेंबरमध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी सुरक्षा परिषदेत त्यांनी आपल्यासाठी नकाराधिकार वापरले. त्याचे उपकार जरूर माना, पण त्यामागची कारणं कोण शिकणार? 1993 मध्ये अमेरिकेने डोळे वटारताच याच रशियाने रॉकेटच्या क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान द्यायला नकार दिला, हे एकाच्याही उत्तरात नाही.

रशियासोबत बनवलेल्या ब्राह्मोस क्षेपणास्त्राचं केंद्र आपल्या नागपुरात आहे म्हणून छाती फुगवता. मग पल्ला सुरुवातीला 290 किलोमीटरच का, असं विचारल्यावर सगळा वर्ग चिडीचूप! क्षेपणास्त्र तंत्रज्ञानावर नियंत्रण ठेवणाऱ्या गटात रशिया होता, आपण नव्हतो. 300 किलोमीटरची मर्यादा तिथली. 2016 मध्ये आपण त्या गटात गेलो, तेव्हा पल्ला वाढवायची वाट मोकळी झाली. तुमच्या गावातल्या क्षेपणास्त्राचा पल्ला परराष्ट्र धोरणाने ठरवला, आणि तुम्हाला त्याचा पत्ता नाही.

नकाशा पुढ्यात ठेवला, तर सेवास्तोपोल बाल्टिक समुद्रात शोधत बसलात. रशियाचा काळ्या समुद्रातला आरमारी तळ कुठे हेच ठाऊक नसेल, तर 2014 मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया का घेतला, हे काय डोंबल कळणार?

सगळ्यात जास्त संताप याचा आला की युक्रेनच्या माणसाला काय हवं, हे कोणी विचारलंच नाही. 1991 च्या सार्वमतात तिथल्या 90 टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. 1994 मध्ये बुडापेस्टला रशियाने त्यांच्या सीमा मान्य करून सही केली. ती सही मोडली गेली. नाटोबद्दलची मॉस्कोची भीती समजून घ्या, पण तिला माफीपत्र करू नका.

सोमवारी हेच उत्तर नव्याने लिहून आणा. सनावळी आणि नकाशा नसलेलं पान मी वाचणार नाही.