अमानत

चळवळीच्या ग्रंथालयाचे दार सर्वांसाठी उघडे असावे, यावर आमच्यात मतभेद नाही. ज्यांना पाठ्यपुस्तकात जागा मिळाली नाही, त्यांचे कागद जपायचे आणि मागेल त्याच्या हाती द्यायचे, यासाठीच आम्ही वस्तीच्या सभागृहातली एक खोली मागून घेतली. इथे पगारी कोणी नाही. शिक्षक, निवृत्त कारकून, महाविद्यालयात शिकणाऱ्या मुली संध्याकाळी आळीपाळीने बसतात, नोंदवही लिहितात, कसर लागू नये म्हणून कागद उलटून बघतात. नियतकालिके, पत्रके, परिषदांचे ठराव यांचा प्रश्न सोपा आहे. ते लोकांसाठीच छापलेले होते. अडचण आहे ती पत्रांची.

तलाक, मेहर, पोटगी, मारहाण यांविषयी स्त्रियांनी कार्यकर्त्यांना लिहिलेली ही पत्रे. काही स्वतःच्या हातची, काही दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली. त्यांत नवऱ्याचे नाव आहे, गाव आहे, सासरचा धंदा आहे. ती अभ्यासकांना दाखवावीत काय?

दाखवावीत म्हणणाऱ्यांची बाजू लंगडी नाही. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला. त्या सातच होत्या, पण उघडपणे रस्त्यावर आल्या. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. 'आमच्यात असे काही घडतच नाही' असे म्हणणाऱ्यांना उत्तर होते ते अशा स्त्रियांच्या अनुभवाचेच. पत्रे कुलपात ठेवली तर त्या म्हणणाऱ्यांचे फावेल. ज्या 'घरच्या अब्रू'ने बाईला गप्प बसवले, तीच आपणही राखायची काय, असे आमच्यातल्या मुली विचारतात.

प्रश्न खरा आहे. तरीही शाहबानो यांचे उदाहरण नजरेआड करता येत नाही. इंदूरच्या या वृद्ध स्त्रीने १९७८ साली पोटगीसाठी अर्ज केला. उच्च न्यायालयाने महिना १७९ रुपये २० पैसे ठरवले आणि २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. त्यांची मागणी एवढीच होती. त्यानंतर त्यांचे नाव त्यांचे राहिले नाही. कोणी ते निषेधाच्या फलकावर लिहिले, कोणी मुसलमानांना डिवचण्यासाठी वापरले, सुधारणावाद्यांनी झेंड्यावर घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी जाहीर पत्राखाली अंगठा उमटवून निकाल नाकारला. तो शब्दही प्रत्येकाने आपल्या सोयीनेच वाचला. न्यायालयात गेलेल्या बाईचे हे झाले. पत्र लिहिणारी तर न्यायालयातही गेलेली नाही. तिने एका माणसाकडे मदत मागितली, इतिहासाकडे नव्हे.

अमानत हा शब्द आपल्या घरांत लहानपणापासून कानावर पडतो. ठेव ही ठेवणाऱ्याची, सांभाळणाऱ्याची नव्हे. ती चांगल्या कामासाठीसुद्धा परस्पर खर्च करता येत नाही. सुधारणा हे चांगले काम आहे, यात शंका नाही; पण म्हणून दुसऱ्याचे दुःख आपल्या खात्यावर जमा होत नाही. मात्र अमानत नष्टही करता येत नाही. म्हणजे पत्रे जाळायची नाहीत आणि मोकळीही सोडायची नाहीत.

म्हणून आम्ही ठरवले आहे ते असे. लिहिणारी हयात असेल तर तिला विचारायचे, तेही घरच्यांना कळू न देता. एका पोस्टकार्डानेही मिटलेली जखम उघडी पडू शकते. तिचा होकार मिळत नसेल तर नाव-गाव झाकून मजकूर दाखवायचा. असा पुरावा अर्धा आहे, हे अभ्यासकाचे म्हणणे आम्हाला मान्य आहे. पण उरलेल्या अर्ध्यावर आमचा हक्क नाही. स्वयंसेवक बदलतात, म्हणून नियमाबरोबर त्याचे कारणही नोंदवहीत लिहून ठेवायचे. उद्या बसणाऱ्याला नुसता हुकूम पाळावा लागू नये. पटले नाही तर त्याने वाद घालावा.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाक रद्द ठरवला, २०१९ साली कायदाही झाला. आता कशाला लपवायचे, असे कोणी म्हणेल. कायदा बदलला हे खरे. पण त्या बाईची नातवंडे त्याच गल्लीत राहतात, आणि ग्रंथालयाचे दार त्यांनाही उघडे आहे.