दूर म्हणजे कोणाच्या दारी?

आश्विन वद्य द्वादशीला आमच्या नाशकात सवत्स धेनूची पूजा होते. त्याच दिवशी, शेजारच्या अकोले तालुक्यातील डोंगराळ गावांत महादेव कोळी मंडळी वाघोबाला शेंदूर लावून, नैवेद्य दाखवून वाघबारस साजरी करतात. एकाच तिथीला गायही पुजायची आणि गाय खाणाराही, ही पंचांगाची थट्टा आहे असे कोणास वाटेल. मला त्यात मोठा व्यवहार दिसतो. ज्यांची गुरे रानात चरतात त्यांना दोघांशीही बोलणे चालू ठेवावे लागते. वाघोबापाशी मागणे एवढेच, की माझ्या गुरांकडे पाहू नकोस. ही भक्ती कमी आणि शेजाऱ्याशी केलेला करार अधिक.

शहरातल्या माणसाचा असा करार कोणाशीच नसतो. आमच्या परसातच पाहा. मुंगसांची जोडी जांभळीखालून ऐटीत जाते, तिचे आम्हांला कौतुक. धामण निघाली की मात्र सर्पमित्राला फोन जातो, आणि तो येईपर्यंत सारे घर पलंगावर चढून बसते. वानरे पेरूवर उतरली की मुलांना आनंद आणि आमच्या सौभाग्यवतींना संताप, कारण पेरूबरोबर गच्चीवरचे सांडगेही जातात. सर्वांच्या तोंडी वाक्य एकच, 'कुठे तरी दूर नेऊन सोडा.' हे 'दूर' कोठे आहे, ते कोणी विचारीत नाही.

बिबट्याच्या बाबतीत हा प्रश्न टाळता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत गंगापूर रोडवरच्या सावरकरनगरात भरदिवसा बिबट्या शिरला. बघ्यांची जत्रा जमली, काही जण जखमी झाले, आणि अखेर भूल देऊन त्याला पकडावे लागले. अशा वेळी तो 'वाट चुकला' असे म्हणण्याची पद्धत आहे. खरे पाहता निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या मळ्यांत तो कित्येक वर्षे घर करून आहे. धरणांचे पाणी आले, पाण्यामागून ऊस आला, आणि वर्षभर उभ्या राहणाऱ्या उसाने त्याला आडोसा दिला. वस्तीभोवतीची कुत्री, डुकरे, शेळ्या हे त्याचे अन्न. बिबट्याची मादी उसातच विते. तोडणीच्या वेळी पिल्ले सापडली, की वनखात्याची माणसे संध्याकाळी ती त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, आणि रात्री आई येऊन एकेक उचलून नेते.

अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे असलेल्या त्या शेतीच्या मुलखात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच बिबटे आढळले. पुढे त्यांच्या आहाराचा हिशोब झाला, तेव्हा त्यात एकट्या कुत्र्यांचाच वाटा ३९ टक्के निघाला.

मग पकडून जंगलात का सोडू नयेत? जुन्नर भागात २००१ पासून तसेच मोठ्या प्रमाणावर केले गेले. त्याआधी माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी चार होते, ते सतरांवर गेले. पिंजऱ्यात घाबरलेले जनावर अनोळखी मुलखात सोडले, की ते तेथे स्वस्थ बसत नाही. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या माळशेज घाटात सोडला, तर तो रूळ आणि महामार्ग ओलांडत शंभराहून अधिक किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. आपण ज्याला दूर म्हणतो, ते त्याच्या चार पायांना काही दिवसांचे अंतर.

तेव्हा, त्याला राहू द्यावे, सहजीवन शिकावे, असा निष्कर्ष निघतो. तो मला पटतोही. फक्त हे वाक्य दुमजली बंगल्यात, लोखंडी फाटकाआड बसून म्हटले की घशात अडकते. ऊसतोडणी कामगाराच्या खोपीला दार नसते. या जिल्ह्यात बिबट्याने लहान मुले नेली आहेत, आणि ती आमच्यासारख्यांच्या घरची क्वचितच असतात. दया आमची आणि तिची किंमत भरणार दुसरा, हा कुठला न्याय? दुसऱ्याच्या मुलावर उदार होण्याचा अधिकार मला कोणी दिला? वाघोबाला नैवेद्य दाखवणारा निदान आपलीच गुरे पणाला लावतो. सहजीवनाचा आग्रह धरणाऱ्या शहराने आधी त्या खोपीला दार, वस्तीला दिवा आणि शेतकऱ्याला रात्रीऐवजी दिवसा वीज द्यावी. मग उपदेश करावा.

आमच्याकडे मखमलाबादहून दूध घालणारे गृहस्थ येतात. गेल्या साली ऐन वसुबारसेच्या आठवड्यात त्यांचे वासरू गेले. पुढे पिंजरा लागला, बिबट्या सापडला. मी विचारले, "आता निश्चिंत झालात ना?"

"झालो की, काका. रात्रीची झोप लागती," ते म्हणाले. मग माप किटलीत बुडवून क्षणभर थांबले. "पर जिथं सोडला असंल, तिथंबी कुनाच्या दावणीला वासरू असंलच की."

"मग पिंजरा लावायला नको होता, असं वाटतं का?"

"तसं न्हाई वाटत," ते म्हणाले, आणि दूध ओतून पुढच्या घरी गेले.