ओसाड घराचे छायाचित्र

आडवाटांनी हिंडून पडकी घरे, बंद पडलेल्या गिरण्या आणि गंजलेली वाहने यांची छायाचित्रे टिपण्याचा छंद आता जगभर पसरला आहे. मोडक्या खिडकीतून आत शिरलेली वेल, छप्पर नसलेल्या खोलीत उतरलेले ऊन, चाके मातीत रुतलेली मालमोटार ही दृश्ये मनाला ओढ लावतात. अशी चित्रे प्रदर्शनांत मांडली जातात, दिनदर्शिकांवर छापली जातात, दिवाणखान्यात हौसेने लावली जातात. परंतु या निरुपद्रवी वाटणाऱ्या छंदातून एक नैतिक प्रश्न उभा राहतो. जे घर कोणाला तरी सोडावे लागले, त्याच्या पडझडीत आपण सौंदर्य शोधावे काय?

पहिले उत्तर सहज सुचते. दगडविटांना वेदना नसतात. फोटो काढल्याने घराचे काही बिघडत नाही. या छंदातील जाणती माणसे एक शिस्तही पाळतात. आतील वस्तू हलवायची नाही, घरी न्यायची नाही, कुलूप तोडायचे नाही. ही शिस्त चांगलीच आहे. मात्र ती वस्तूंचे रक्षण करते, माणसांचे नव्हे. मराठीत आपण फोटो 'काढतो'. विहिरीतून पाणी काढावे तसे त्या जागेतून आपण काहीतरी बाहेर आणतो. जे बाहेर आणले त्यात त्या घराचे सत्य आले, की केवळ त्याचे रूप आले, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेच्या मध्यभागी पसरलेला विस्तीर्ण मैदानी प्रदेश अशा छायाचित्रांचे जणू माहेरघरच होय. मूळ रहिवाशांना हटवून मोकळ्या केलेल्या या भूमीवर, १८६२ च्या कायद्यानुसार, पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर मिळू लागले. पावसाचा भरवसा नसलेल्या भागातही नांगर पोहोचला. १९३० च्या दशकात अवर्षण आले आणि नांगरलेली माती वाऱ्याने उडून गेली. शेतमालाचे भाव तर आधीच कोसळले होते. लाखो लोक घरेदारे टाकून निघाले. पुढे यंत्रे मोठी झाली, शेते मोठी झाली आणि माणसे कमी झाली. तेथील कोरड्या हवेत लाकूड व लोखंड सावकाश झिजते. जुनी मोटार भंगारात नेणे परवडत नाही, शिवाय तिचे सुटे भाग कधीतरी उपयोगी पडतील अशी आशा असते; म्हणून ती कोठारामागे वर्षानुवर्षे तशीच उभी राहते.

डोरोथिया लँग या छायाचित्रकार स्त्रीने १९३८ साली अमेरिकन सरकारच्या कामासाठी टेक्सासमधील चिल्ड्रेस परगण्यात असेच एक ओसाड घर टिपले. चित्रात माणूस एकही नाही. नांगराची तासे मात्र थेट घरापर्यंत येऊन भिडली आहेत. अंगण उरलेले नाही, पायवाटही नाही. ट्रॅक्टर आल्यावर जमीनमालकांना कुळांची गरज उरली नाही आणि कुळे हुसकावली गेली, हे पाहणाऱ्याला त्या तासांतूनच उमगते; चित्राला जोडलेली टिपणीही तेच सांगते. चित्र निःसंशय सुंदर आहे. परंतु त्याचे सौंदर्य कारणावर पडदा टाकत नाही.

येथेच दोन दृष्टींमधील भेद स्पष्ट होतो. आज आपण पाहतो त्यांपैकी पुष्कळ चित्रे घराच्या नाशाचा दोष काळाच्या माथी मारतात. 'काळाचा महिमा' म्हटले की पाहणाऱ्याला गोड उदासीनता लाभते आणि पुढे विचारण्यासारखे काही उरत नाही. वास्तविक घरे कर्जाने, दुष्काळाने, धरणाने, एखाद्या कायद्याने ओस पडतात. काळ मागाहून येतो; तो केवळ भिंती पाडतो.

कारण सांगितले म्हणजे आपले ऋण फिटले, असेही नाही. लेखक जेम्स एजी आणि छायाचित्रकार वॉकर इव्हान्स यांनी १९३६ साली अलाबामातील तीन गरीब शेतकरी कुटुंबांत राहून जे पुस्तक केले, ते १९४१ साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्यांच्या दारिद्र्यात डोकावून ते वाचकांपुढे मांडण्याचा आपल्याला काय अधिकार, ही बोचणी एजीने त्यात उघडपणे मांडली आहे. पुस्तकाचे नाव सिराखच्या ग्रंथातील ४४ व्या अध्यायावरून घेतलेले आहे. तो अध्याय कीर्तिमंतांच्या स्तुतीने सुरू होतो. पण ज्यांची कोणतीच आठवण मागे उरली नाही, अशांचेही स्मरण करतो. ओसाड घराचे रहिवासी बहुधा या दुसऱ्या वर्गातलेच असतात.

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा नाही. कर्नाटकात हासनजवळ शेट्टीहळ्ळी येथे फ्रेंच मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेले चर्च आहे. हेमावती नदीवर गोरूर येथे धरण झाले, गाव उठले आणि चर्च ओस पडले. पावसाळ्यात ते अर्धेअधिक पाण्यात बुडते, उन्हाळ्यात पुन्हा वर येते. दूरदूरचे लोक कॅमेरे घेऊन तेथे जातात. कमानींखाली उभे राहून छबी टिपून घेणाऱ्यांपैकी किती जणांना आठवत असेल, की येथे बालकांचे बाप्तिस्मे झाले, लग्ने लागली, प्रेतविधी झाले, आणि ती मंडळी घरे सोडून अन्यत्र वसली? त्या धरणाच्या पाण्यावर कितीतरी शेते पिकतात, हेही सत्य होय. चित्राने निवाडा देऊ नये; मात्र येथे किंमत मोजली गेली, एवढे तरी ते पाहून मनात यावे.

वाहनांचेही तसेच. आपल्याकडे जुनी गाडी सहसा रानात सोडली जात नाही; भंगारवाला ती नेतो. वर्षानुवर्षे गंजताना दिसतात त्या बहुधा पोलिस ठाण्याच्या आवारातील जप्त गाड्या. त्यांतील एखादीमागे अपघातात गेलेला जीव असतो, एखादीमागे रेंगाळलेला खटला. त्या गंजाचा रंग मोहक असेलही. पण तो कोणाच्या तरी घरातील रिकाम्या जागेचाही रंग असू शकतो.

मग कॅमेरा ठेवून द्यावा काय? नाही. भग्नावशेष पाहण्याचा एक वेगळा धडा नहेम्याच्या पुस्तकात आढळतो. यरुशलेमचे तट पडल्याचे कानी आले, तेव्हा तो बसून रडला. पुढे तेथे पोहोचल्यावर रात्री मोजकी माणसे बरोबर घेऊन, कोणाला काही न सांगता, तो कोसळलेले कोट आणि जळालेल्या वेशी पाहत फिरला. इतक्या बारकाईने भग्नावशेष पाहणारे थोडेच. परंतु या सर्वाच्या आधी, वार्ता घेऊन आलेल्यांना त्याने काय विचारले हे लक्षात घ्यावे. प्रथम त्याने मागे उरलेल्या माणसांची चौकशी केली आणि मग नगराची.

हाच क्रम छायाचित्रकाराने पाळावा. आधी शेजारच्या वस्तीवर जाऊन विचारावे की, हे घर कोणाचे, ते कधी गेले, का गेले. मालक असेल तर त्याची परवानगी घ्यावी. त्याला चालत असेल तर चित्राखाली गावाचे नाव, साल आणि घर ओस पडण्याचे कारण लिहावे. शक्य झाल्यास एक प्रत त्या कुटुंबाकडे पोहोचवावी. परसदारी आईने लावलेले झाड अजून उभे आहे, हे दूर शहरात राहणाऱ्या मुलाला त्या चित्रातून कळेल, तर ते काढण्याचे काही सार्थक झाले. आणि विचारूनही उत्तर मिळाले नाही, तर आपल्याला ते ठाऊक नाही, असे चित्राखाली नमूद करावे. कोणी तरी येथे राहत होते, एवढे तरी त्याने मान्य केलेले असेल.